उजवा हात, डावा कान

माझ्याइतकी तयारी करून जिल्हा परिषदेच्या शाळेत आजवर कुणी रुजू झालं नसेल, असं त्या उन्हाळ्यात मला मनापासून वाटत होतं आणि चारचौघांत मी ते बोलूनही दाखवत होते. डी.एड. होऊन बरीच वर्षं उलटली होती. भरती आज निघेल, उद्या निघेल म्हणून वाट बघण्यात, पात्रता परीक्षा दोनदा देण्यात आणि एका खाजगी शाळेत पडेल ते काम करण्यात उमेदीचा काळ सरला होता. नेमणुकीचा आदेश हातात आला तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. मला मात्र आधी राग आला. एवढा उशीर करायचा होता तर इतकं घोकायला कशाला लावलं, असा तो राग. रागात माझ्या हातून काम फार चांगलं होतं, त्यामुळे त्याच झपाट्यात मी तयारीला लागले.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बाजूला वडिलांचं किराणा दुकान आहे. दुकानात येणारे बिस्किटांचे, साबणांचे सगळे खोके मी दोन महिने ताब्यात घेतले. त्या पुठ्ठ्यांची अक्षरकार्डं केली, अंकांची केली, चित्रांची केली. शंभर मण्यांची माळ ओवली, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. बाटल्यांच्या झाकणांवर बाराखडी लिहिली. पहिलीच्या मुलांना पहिल्या दिवशी काय द्यायचं, पहिल्या आठवड्यात काय, दिवाळीपर्यंत कुठवर न्यायचं, अशी एक अख्खी वही भरून काढली. आई म्हणाली, "एवढा जीव लावून रुखवत केलं असतंस तर आतापर्यंत नांदायला गेली असतीस." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि खळ लावत बसले.

शाळा मिळाली ती जळकोटच्या पुढे, नांदेड जिल्ह्याची हद्द सुरू होते तिथल्या एका लहानशा गावात. पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन. त्यातली एक मी. दुसरे मुख्याध्यापक, ज्यांना गाव नुसतं 'सर' म्हणायचं. निवृत्तीला टेकलेले, कडक इस्त्रीचे, आवाजाने दांडगे आणि मनाने मऊ. शाळेला लागूनच अंगणवाडीची खोली. मी जळकोटला राहायची सोय केली आणि स्कूटीवरून जाऊ-येऊ लागले. पहिली-दुसरी तुमच्याकडे, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि माझे पुठ्ठे उलटेपालटे करून बघत म्हणाले, "मॅडम, एवढं सामान माझ्या अख्ख्या नोकरीत झालं न्हाई." मी फुगले.

शाळा उघडायला आठवडा होता. त्याआधी घरोघर फिरून पहिलीत घेण्याजोगी मुलं शोधायची आणि यादी करायची, हे माझं पहिलं काम. जन्माचा दाखला बघायचा, आधार कार्ड बघायचं, वय लिहायचं. मी विचारलं, "आणि ज्यांच्याकडे काहीच कागद नसेल त्यांचं काय?"

सर हसले. "कागद असंल तर कागद, नसंल तर कान. हाय काय अन् न्हाई काय!"

आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगते. मुलाने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली तर सहा वर्षं पूर्ण, घ्या पहिलीत. लागली नाहीत तर अजून लहान, पुढच्या वर्षी या. जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे त्या काळातली ही तऱ्हा. माझे वडील असेच शाळेत गेले. सरही असेच गेले होते. "माझ्या बापानं खांद्यावर बसवून आणलं, गुरुजीनं कान धरायला लावला, अन् झालो की मुख्याध्यापक," असं ते दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगायचे. मला ते ऐकून इतकं भारी वाटलं की बस. डी.एड.ला बालमानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक वाचलं होतं, त्यात असलं काही गोड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेऊन मी गावात गेले. ताईही गावात नव्याच होत्या, वर्षभरापूर्वी आलेल्या. मारुतीच्या पारावर आम्ही मुलं गोळा केली. सात होती. चौघांचे कागद होते, तिघांचे नव्हते. मी म्हटलं, कागद असो नसो, सगळेच कान धरा. ओळीने उभं केलं. एकाने दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले आणि उठाबशा काढायला लागला, तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी मोबाइलवर फोटो काढत होते. आमचे नवे विद्यार्थी, असं लिहून स्टेटसला टाकायचे होते.

ओळीत शेवटी एक मुलगी होती. बारकी, काळीसावळी, केसांना चपचपीत तेल. जूनच्या त्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घातला होता. मला वाटलं, नवा असेल म्हणून घातला असेल. तिची पाळी आली तशी तिने पटकन डावा हात वर केला.

"तो नाही बाळा, उजवा," मी म्हणाले.

तिने डावा खाली घेतला. उजवा वर केला. हात डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. बोटं हवेत वळवळत राहिली, कानापासून चांगली वीतभर लांब. तिने मान तिरकी केली, डोळे मिटले, दात आवळले. मला तिचं हसू आलं. खरंच आलं, आणि मी मोठ्याने हसलेही. "अजून थोडी मोठी हो, मग ये हं," असं म्हणून मी तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि यादीत तिच्यापुढे 'पुढील वर्षी' असं लिहिलं. तिची आई पाराच्या कडेला उभी होती. मुलगी चॉकलेटकडे न बघता आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

ताई म्हणाल्या, "हे लोक दिवाळी झाली की हैदराबादला जातात, बांधकामावर. उन्हाळ्यात परत येतात. पोरगी तिकडंच जन्मली, पत्र्याच्या शेडमधी. कशाचाच कागद न्हाई. माझ्या रजिस्टरला हिचं नावच न्हाई."

त्या दिवशी स्टेटस टाकलं. कॉलेजच्या मैत्रिणींनी बदाम पाठवले. खरी शिक्षिका, असं कुणीतरी लिहिलं, आणि मी ते तीन-चारदा वाचलं. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

पुढचे दिवस वर्ग सजवण्यात गेले. भिंतीला कार्डं चिकटवायची, दोऱ्या बांधायच्या, फळा काळा करायचा. तिसऱ्या दिवशी दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. तीच मुलगी. आज साधा जुना झगा होता, पण बाह्या त्याच्याही लांब. डाव्या कडेवर अडीच-तीन वर्षांची धाकटी बहीण. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच थांबली. मी स्टुलावर चढले होते, म्हटलं, "ती कार्डं दे बरं एकेक." तेव्हा बहिणीला खाली ठेवून ती आत आली आणि डाव्या हाताने एकेक कार्ड वर देऊ लागली. कामाला वाघ होती. दोरा कुठे संपतो, पट्टी किती तोडायची, सांगावं लागत नव्हतं.

तेवढ्यात धाकटीने शंभर मण्यांची माळ ओढली आणि दोरा तुटला. लाल-पांढरे मणी खोलीभर उधळले. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. धाकटी दचकून रडायला लागली, आणि मोठी हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता खाली बसून मणी गोळा करायला लागली, आणि गोळा करताना मोजायला लागली. "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." तेलुगूत. शंभरापर्यंत. एकही न चुकता. बाप फरशी बसवण्याच्या कामावर होता, त्याच्यासोबत फरश्या मोजून मोजून शिकली होती.

पण मी मोजणं ऐकत नव्हते. मी तिचे दात बघत होते.

माझ्या भावाचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढचे दोन दात पडलेले, 'स' म्हणायला गेला की शीळ वाजायची. पारावरच्या बाकी सहाही मुलांची तीच गत होती, कुणाचं खिंडार, कुणाचा हलता दात. या मुलीचे पुढचे चारही दात पूर्ण आलेले होते, वर आणि खाली. रुंद, पांढरे, पक्के.

"तुझे दात पडले होते का गं?"

"हाव."

"कधी?"

"लई दिस झाले. हैदराबादला पडले. पत्र्यावर फेकले."

मला एकदम काही कळलं नाही. नाही कळलं असं म्हणायला जावं तर तेही खोटं होईल. मी स्टुलावरून उतरले. तिच्यापुढे बसले. म्हटलं, हात वर कर.

"उजवा ना?" तिने विचारलं.

तिने उजवा वर केला. पुन्हा तेच, बोटं हवेत. मी तिची बाही सारून वर केली. कोपर जागेवर नव्हतं. म्हणजे होतं, पण बाहेरच्या बाजूला निघालेलं, गाठीसारखं, आणि हात तिथे दुमडतच नव्हता. मी हलकेच वाकवून बघितला. थोडा वाकला आणि अडकला. या हाताने ती कान कधीच धरू शकणार नव्हती, सहाव्या वर्षीही नाही आणि साठाव्या वर्षीही नाही.

"आता डावा कर."

ती घाबरली. "डावा?"

"हो. डावाच कर."

डावा हात डोक्यावरून गेला, उजव्या कानाला लागला, कान ओलांडून खाली पाळीला गेला आणि गालावर आला.

"तुला किती वेळा कान धरायला लावलाय?"

तिने बोटं मोजली. "सरनं तीनदा. तुमी एकदा."

मी तिथेच मण्यांमध्ये बसून राहिले. एक हात मोडका असेल, तर दुसऱ्या हाताने धर, एवढी साधी गोष्ट चार वर्षांत एकाही माणसाला सुचली नव्हती. आणि तिला स्वतःला सुचली होती. पारावर तिने आधी डावाच हात वर केला होता. शहाण्या लेकरासारखी तिने आपली वाट शोधली होती, आणि ती वाट मी बंद केली. तो नाही बाळा, उजवा. किती लाडाने म्हणाले होते मी! आमच्या दुकानात डाव्या हाताने कुणी पिशवी पुढे केली तरी वडील 'उजवा हात करा की' म्हणतात, गिऱ्हाईक असलं तरी. प्रसाद उजव्या हाताने, जेवण उजव्या हाताने, शाळेत नाव घालायचं तर तेही उजव्या हाताने. माझ्याही तोंडातून ते आपोआप आलं होतं. विचार करून कुणी बोलतं का असलं काही?

आणि कायदा? वयाचा पुरावा नसला तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हा प्रश्न मला पात्रता परीक्षेत आला होता. उत्तर बरोबर लिहिलं होतं मी. गुण मिळाले होते.

मी तिचा हात धरला, धाकटीला उचललं आणि तशीच तिच्या घरी गेले. गावाच्या कडेला, पत्र्याचं घर. बाप हैदराबादलाच होता, आई सोयाबीनच्या पेरणीसाठी रान वेचायला गेलेली, दुपारी आली. मी सरळ तिच्यावर तुटून पडले. तुमच्या मुलीचा हात मोडलेला आहे हे सांगितलं का नाही? बाह्या लांबच का घालता? तुम्हाला कळत नाही का? हे सगळं मी चढ्या आवाजात बोलले. रागवायचं स्वतःवर होतं, ती समोर सापडली.

ती घमेलं खाली ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मोडका हात हाय म्हनलं असतं तर सरनं कायमचंच न्हाई म्हनलं असतं. मनून झाकला. रोज तेल लावते. येईल की हात. कवा ना कवा येईलच मनून वाट बघून राहिले."

दात येतो, तसा हात येईल. हे तिने चार वर्षं धरून ठेवलं होतं.

मी तिथे जमिनीवर बसले. तिने पाणी दिलं. मुलीचं वय मी विचारलं तर म्हणाली, "समदं बंद पडलं व्हतं न्हाई का, गाड्या-बिड्या, दवाखाने. तवा आमी हैदराबादहून निघालो. थोडं चालत, थोडं टेम्पोत. ही चार वर्साची व्हती. टेम्पोतून पडली. दवाखान्यात कुनी घेतलं न्हाई. उदगीरच्या अलीकडं एका म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून दिल्या. तसाच बसला हात."

मी मनात हिशेब केला, लॉकडाउनला पाच वर्षं झाली होती. मुलगी नऊ वर्षांची होती. कुपोषणाने सहाची दिसत होती, आणि आम्ही सगळे हात बघत होतो, म्हणून तिचं तोंड कुणी बघितलंच नव्हतं.

मी तिला सांगितलं की आता मुलीला शाळेत घ्यायचं, आणि वयाप्रमाणे घ्यायचं तर कागदावर ती चौथीत जाईल. मला वाटलं ती खूश होईल. ती हसली, पण कसंनुसं. "म्हनजे? परवापतुर ल्हान व्हती, आन् आता येकदम चौथीत बसायची येवढी मोठी झाली? मधी कुठं गेली मॅडम?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "आता तिला घेऊन काय करता? मोठी झाली. ती शाळंत गेली तर ह्या बारकीला कोन बघंल? माझं काम बुडंल."

मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईकडे बघत होती. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. मी शब्द दिला असता आणि आईने नाही म्हटलं असतं, तर पाचव्यांदा तिला परत पाठवल्यासारखं झालं असतं.

अंगणवाडीच्या ताईंना मी फोन करून बोलावून घेतलं. त्या चप्पल न घालताच आल्या. बारकीचं नाव मी आजच लावते, तिला तीन पुरी व्हायला आली की, खाऊही मिळेल, शाळेला लागूनच तर आहे माझी खोली, असं त्यांनी भरभर सांगितलं. आई बराच वेळ नखाने भुई उकरत राहिली. शेवटी म्हणाली, "दिवाळीचं दिवाळीला बगू. तवर जाऊ द्या." तेवढंच मिळालं. तेवढंच मी उचललं.

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे तक्ता ठेवला. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांचा एक तक्ता असतो. त्यात नाव, वय आणि शाळेबाहेर राहण्याचं कारण लिहायचं असतं. कारणाचा रकाना मी कोरा ठेवला होता. सरांना मी सगळं सांगितलं, दात, कोपर, टेम्पो, तेल. ते ऐकताना आधी म्हणाले, "असं कसं होईल मॅडम, मी काय आंधळा हाय का?" मग म्हणाले, "कागद आना मनून मी सांगितलं व्हतं." शेवटी म्हणाले, "कारणात स्थलांतर लिवा. खोटं न्हाई ते. जातातच की हैदराबादला."

मी नवीन होते. नोकरीत कायम व्हायची होते. माझ्या कामाबद्दल चार चांगले शब्द वर कळवायचे की नाही, हे त्यांच्या हातात होतं. तरी मी लिहिलं: 'शाळेने प्रवेश दिला नाही.' आणि तक्ता त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या वाक्यापुढे आपल्या वळणदार अक्षरात कंसात लिहिलं: 'तीन वेळा.' खाली सही केली.

मी ते पेन घेतलं, 'तीन' खोडलं आणि 'चार' लिहिलं. त्याच्याखाली मीही सही केली.

शाळा उघडली. गुलाबाची फुलं, पुस्तकं, गोड भात, सगळं झालं. ती कागदावर चौथीत होती, बसायची माझ्याजवळ पहिलीत, मागच्या बाजूला, भिंतीला टेकून. बाही अर्धी होती. आईने कापून शिवली होती. मी वहीत लिहिलेला पहिल्या दिवसाचा बेत पार विसरले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिला अक्षर येत नव्हतं, पण पहिल्या आठवड्यातच ती डाव्या हाताने 'ग' काढायला लागली. मी कुणालाही हात बदलायला सांगितलं नाही. आपल्याला जमलं, असं मला वाटायला लागलं होतं. चुकलो होतो पण निस्तरलं, असं. रात्री झोप लागायला लागली होती.

दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खात होती. ती दिसेना. मी शाळेच्या मागे गेले. तिथे लिंबाचं झाड आहे, त्याची एक फांदी खाली वाकलेली. धाकटी त्या फांदीला दोन्ही हातांनी धरून लटकत होती. पाय जमिनीपासून वर, तोंड लालबुंद, रडू आवरून धरलेलं. मोठी समोर उभी राहून मोजत होती, "ओकटी, रेंडू, मूडू..."

मी धावले. धाकटीला उचलून खाली घेतलं. तिचे तळवे सालीने खरवडले होते. मी ओरडले, "हे काय चाललंय? पडली असती ती! हात मोडला असता!"

मोठीला माझ्या ओरडण्याचं नवल वाटलं. तिने मला शांतपणे समजावून सांगितलं. "हिचा हात लवकर यावा मनून. मी पन रोज लटकायची. माझा मोडका व्हता मनून आला न्हाई. हिचा धड हाय, हिचा येतो."

चार वर्षं. रोज. त्या मोडक्या कोपराने. आई तेल लावून वाट बघत होती, आणि ही झाडाला लटकत होती, आणि आम्ही दर जूनमध्ये हसून तिच्या हातावर चॉकलेट ठेवत होतो. मी झाडाला टेकले.

थोड्या वेळाने मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, हे बघ, हिला लटकवायचं नाही. हिचा हात कानाला पोचला नाही तरी चालतं. या शाळेत आता कुणालाच कान धरायला लावणार नाही. मी आहे ना इथे.

तिने सगळं ऐकून घेतलं. धाकटीच्या तळहातावर फुंकर घातली. मग नजर वर करून विचारलं, "आन् तुमची बदली झाली तर?"